खडीतला धातू कसा काढायचा: चाळण, चुंबक आणि घरी बनवलेली पन्हळ

मोटार रिवाइंडिंगचे दुकान असो, गॅरेज असो की ग्रिल-गेट बनवणाऱ्याची शेड, मागे मुरूम-खडी अंथरलेले एक आवार असतेच. पावसाळ्यात चिखल होऊ नये म्हणून त्यावर अधूनमधून नवा थर पडतो, आणि जुन्या थरात काय काय गाडले गेले ते कोणी पाहत नाही. जळालेल्या मोटारीतून ओढून काढलेल्या तारेचे तुकडे, वेल्डिंग रॉडची थोटके, लेथवरचा पितळी कीस, चाकाच्या रिमवरून गळालेली शिशाची वजने, नट, वॉशर, खिळे. जागेवर काँक्रीट करायचे ठरले की हे सगळे खडीसकट ट्रॅक्टरमध्ये भरून कुठल्या तरी खड्ड्यात जाते.

ते वेगळे काढायला मोठे यंत्र लागत नाही. मुंबईत झवेरी बाजाराच्या गल्ल्यांतले घमेलेवाले रस्त्याची धूळ आणि गटाराचा गाळ धुऊन सोन्याचे कण काढतात. सोनारांच्या दुकानातला केर विकत घेऊन तो धुणारे झारेकरी तर पिढ्यान्‌पिढ्यांचे. त्यांच्याकडे असते घमेले, पाणी आणि सवयीचा हात. तांबे-पितळ-शिसे हे सोन्याइतके जड नाहीत, त्यामुळे आपल्याला एक-दोन साधने (चुंबक, आणि पन्हळ म्हणजे धातू अडकवणारी उतरती नाली) जास्त लागतील, पण तत्त्व तेच आहे. यातून कोणी श्रीमंत होत नाही, हे आधीच सांगतो. चांगल्या आवारातून चांगले भंगार निघते, उरलेली खडी स्वच्छ होऊन पुन्हा वापरता येते, आणि टायर पंक्चर करणारे खिळे जातात. एवढे पटत असेल तर पुढे वाचा.

जागा कोणाची, माल कोणाचा

हा सगळा लेख खासगी आवारातल्या, मालकाच्या परवानगीने उचललेल्या खडीबद्दल आहे. नदीपात्रात हे करू नका. वाळू, खडी, मुरूम ही गौण खनिजे आहेत आणि ती विनापरवाना उचलल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८(७) खाली दंड होतो. ‘मी वाळू नेत नाही, फक्त धुतो’ हा युक्तिवाद तलाठ्यापुढे किती टिकेल याचा अंदाज तुमचा तुम्ही करा. जुन्या वाड्याच्या पायाजवळची माती असेल आणि नाणी किंवा दागिने निघाले, तर १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे: जमिनीत पुरलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. रक्कम हास्यास्पद वाटते, पण कायदा आहे.

मालकाशी वाटणीचे बोलणेही आधीच करून घ्या. ढीग भंगार म्हणून फुकट देणारा माणूस तांब्याची पिशवी पाहिल्यावर बदलतो.

कामाआधी हात आणि नाक

गॅरेजच्या मातीत शिसे असते असेच धरून चाला. शिशाला वास नाही, चव नाही, आणि ते पोटात गेले तर बाहेर पडायला फार वेळ लागतो. लहान मुलांना त्याचा धोका सर्वांत जास्त. म्हणून कोरडी चाळणी उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करायची. साधा रुमाल धूळ अडवत नाही, एन-९५ मास्क लावा. हातात रबरी मोजे, मध्ये तंबाखू-विडी-चहा नाही, आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकायचे नाहीत. स्वयंपाकघरातली चाळण आणलीत तर ती परत स्वयंपाकघरात जाणार नाही.

ढिगात बॅटरीच्या प्लेटा किंवा काळ्या पेटीचे तुकडे दिसले तर तो ढीग सोडून द्या. तिथे शिशासोबत आम्लही असते, आणि जुन्या बॅटऱ्यांसाठी २०२२ पासून वेगळे नियम आहेत. तसेच तार जाळून तांबे मोकळे करणे, शिसे चुलीवर वितळवणे, आम्लात बुडवणे, पारा लावणे, यांतले काहीही करायचे नाही. तारेवरचे पीव्हीसी प्लॅस्टिक जळताना निघणारा धूर शेजाऱ्याच्या घरातही जातो. आपले काम फक्त वेगळे करण्याचे आहे, पुढचे भट्टीवाल्याचे.

ढिगात आहे काय?

दोन ब्रास (दोनशे घनफूट) खडी धुवायला घेण्याआधी एक घमेलेभर धुऊन पाहा. पण कुठले घमेले? वरवरचे घेतले तर फसाल, कारण जड तुकडे हळूहळू खाली सरकलेले असतात. आवाराच्या चार-पाच ठिकाणांहून वीतभर खोलीपर्यंतचा माल घ्या, ताडपत्रीवर ओतून त्याचा शंकू करा, माथा दाबून सपाट करा, फावड्याने चार भाग पाडा. समोरासमोरचे दोन भाग काढून टाका. उरलेल्या दोन भागांचा पुन्हा शंकू, पुन्हा चार भाग. पंधरा लिटरची बादली भरेल एवढे उरले की थांबा. खाणीवर आणि सिमेंटच्या प्रयोगशाळेत नमुना असाच काढतात.

ती बादली साधारण २२ ते २५ किलोची भरेल. पुढे सांगितल्याप्रमाणे ती पूर्ण चाळून, चुंबक फिरवून, धुऊन घ्या आणि निघालेल्या प्रत्येक धातूचे वजन स्वयंपाकघरातल्या काट्यासारख्या छोट्या काट्यावर करा. तांबे-पितळ मिळून मूठभरही नसेल आणि सगळे गंजके लोखंडच असेल, तर पाण्याच्या वाटेला जाऊ नका. चुंबक फिरवा, लोखंड विका, संपले.

चाळणे: खरे काम इथेच होते

नवशिके सगळे चित्त पाण्यावर ठेवतात आणि चाळण उरकून टाकतात. उलटे करा.

कारण असे की पाण्याला वस्तूचे वजन कळत नाही, ती किती वेगाने बुडते एवढेच कळते. पाण्याची घनता १ धरली तर आपल्याकडच्या काळ्या दगडाची साधारण २.८ ते ३, तांब्याची ८.९६, पितळेची साडेआठच्या आसपास, लोखंडाची ७.८७, शिशाची ११.३४. पाण्यात प्रत्येकातून पाण्याचा १ वजा होतो. म्हणजे तांब्याचे जवळपास ८ विरुद्ध दगडाचे १.९, सुमारे चारपट. शिशाचे साडेपाचपट. याचा व्यवहारातला अर्थ: एक मिलिमीटरचा तांब्याचा दाणा आणि चार मिलिमीटरचा दगड पाण्यात जवळपास बरोबरच खाली जातात. दोन्ही एकत्र धुवायला घातले तर पाणी त्यांना वेगळे करूच शकत नाही, तुमचा हात कितीही चांगला असो. कण जितके बारीक तितका हा फायदा आणखी घटतो, बारीक रेतीत तो जेमतेम दुप्पट राहतो.

म्हणून माल अशा गटांत वाटायचा की एका गटातला सर्वांत मोठा दगड सर्वांत लहान दगडाच्या दोन-अडीच पटींहून मोठा नसेल. माझी आवडती मापे १२, ५, २ आणि १ मिलिमीटर. १२ मिमीसाठी वाळू चाळायची तिरकी जाळी, जी कुठल्याही बांधकामावर असते. ५ मिमीची वेल्ड-जाळी हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते, ती लाकडी चौकटीला ठोका. २ मिमीला गव्हाची चाळण चालते, १ मिमीला रव्याची. मापे तंतोतंत असण्याची गरज नाही, मधली दरी फार मोठी नसावी एवढेच.

माल पूर्ण कोरडा असू द्या. ओली माती चाळणीची भोके बुजवते आणि बारीक तांबे मोठ्या खड्यांना चिकटून वर राहते. काळी माती असेल तर वाळवूनही ढेकळे फुटत नाहीत. तेव्हा उलट करायचे: रात्रभर बादलीत भिजत घालायचे, सकाळी काठीने घोटायचे, गढूळ पाणी दोन-तीनदा ओतून काढायचे आणि मग चाळायचे. चिकणमातीची गोळी तशीच पन्हळीत गेली तर ती गडगडत जाताना वाटेतले धातूचे कण स्वतःला चिकटवून घेऊन जाते. हा चोर दिसत नाही, म्हणून जास्त नुकसान करतो.

तारेच्या तुकड्यांची एक गंमत सांगतो. बोटभर लांबीची बारीक तार चाळणीवर आडवी पडली तर राहते, उभी झाली तर सरळ खाली जाते. चाळण जितकी जास्त उडवाल तितक्या तारा उभ्या होऊन निसटतील. म्हणून चाळण आडवी सरकवत हलवा, उडवू नका.

१२ मिमीच्या वरचा माल धुवायचा नाही. तो ताडपत्रीवर पसरून हाताने निवडा. १ मिमीच्या खालचा सध्या पोत्यात भरून बाजूला ठेवा, हात बसल्यावर त्याच्याकडे वळू.

चुंबक, आणि काळ्या दगडाची खोड

जुन्या स्पीकरमधला गोल चुंबक भंगारवाल्याकडे किरकोळ पैशात मिळतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या लोखंडी चकत्या काढू नका, काढताना तो फुटतो आणि चकत्यांमुळेच त्याची पकड कडेला एकवटते. त्याला दोरी किंवा लाकडी दांडा बांधा आणि जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. माल कोरडा आणि एका थरात पसरलेला हवा. चुंबक मालात खुपसून ओढायचा नाही, बोटभर वर धरून फिरवायचा. खुपसलात तर लोखंडाच्या गुंत्यात तांब्याची तारही उचलली जाते. भरल्यावर दुसऱ्या घमेल्यावर नेऊन पिशवीतून चुंबक बाहेर ओढा, लोखंड आपोआप गळते. पिशवी नसेल तर चुंबकाला चिकटलेला गंजाचा चुरा नखाने काढत बसाल.

आता खोड. आपल्या काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, मॅग्नेटाइट या चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाचे बारीक कण मुळातच असतात. हार्डडिस्कमधून काढलेला निओडिमियमचा ताकदवान चुंबक फिरवलात तर तो लोखंडासोबत दगडाची कचही उचलेल, आणि ढिगात केवढे लोखंड आहे म्हणून तुम्ही हरखून जाल. म्हणून पहिला हात नेहमी स्पीकरच्या, कमी ताकदीच्या चुंबकाचा. ताकदवान चुंबक शेवटासाठी राखा. धुतल्यावर उरलेल्या जड मालात जी काळी रेती राहते, ती काढायला तो फार उपयोगी पडतो, कारण मॅग्नेटाइटची घनता पाचाच्या वर आहे आणि पाणी त्याला दगडाइतके सहज वाहून नेत नाही. तो हाताळताना जपा. दोन तुकडे एकमेकांवर झेपावले तर मधल्या बोटाची कातडी जाते.

चुंबकाला चिकटत नाही म्हणजे लोखंड नाही, असेही समजू नका. ३०४ जातीचे, भांड्यांचे चांगले स्टेनलेस स्टील चिकटत नाही. उलट आताची एक-दोन रुपयांची नाणी चिकटतात, कारण ती फेरिटिक, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या, जातीच्या स्टेनलेसची आहेत. नदीच्या घाटांवर पोरे दोरीला चुंबक बांधून पाण्यात सोडतात ती याच्याच जिवावर. जुनी तांबे-निकेलची नाणी त्यांच्या चुंबकाला भीक घालत नाहीत.

५ ते १२ मिलिमीटर: चाळण पाण्यात हापसणे

या मापाला पन्हळ लागत नाही. प्लॅस्टिकचा अर्धा ड्रम पाण्याने भरा. ५ मिमीच्या गोल चाळणीत दोन-तीन इंच जाडीचा थर घ्या, चाळण पाण्यात बुडवा आणि वर-खाली हापसा: खाली झटक्यात, वर सावकाश. हालचाल दोन इंचांपेक्षा जास्त नको. खाली जाताना पाणी जाळीतून वर घुसते आणि सगळा थर क्षणभर सुटा होतो, तेवढ्यात जड तुकडे खाली सरकतात. चार-पाच हापशांनंतर चाळणीला थोडा गोल फिरका द्या, म्हणजे जड माल मध्यभागी येतो. वीस-पंचवीस हापसे पुरे.

मग चाळण उचलून पाणी निथळू द्या आणि भाकरी उलटतो तशी एका झटक्यात ओल्या पोत्यावर पालथी घाला. जे तळाशी होते ते आता वर. मध्यभागी पितळी नट, शिशाची वजने, जाड तारेचे तुकडे दिसतील. बोटांनी वेचा आणि उरलेले बाजूला ढकला. ही एक कृती नीट जमली तर गॅरेजच्या आवारातला बहुतेक किमती माल हातात आला असे समजा.

घमेल्यात रोळणे

तांदूळ रोळून ज्याने खडे काढले आहेत त्याला हे अर्धे येतेच. फक्त घमेले प्लॅस्टिकचे घ्या. लोखंडी घमेल्यात चुंबक फिरवता येत नाही. आतून तेलकट असेल तर राखेने किंवा धुण्याच्या पावडरने घासून काढा.

२ ते ५ मिमीचा माल निम्म्यापर्यंत भरा, वर पाणी घाला, हाताने ढवळून गढूळपणा ओतून द्या. पाणी स्वच्छ दिसू लागले की घमेले दोन्ही हातांत धरून डावी-उजवीकडे जोरात हलवा, जेणेकरून सगळा माल सुटा होईल. मग पुढची कड थोडी खाली झुकवून पाण्याची लाट मालावरून पुढे जाऊ द्या आणि वरचा थर कडेवरून सोडा. पुन्हा सपाट, पुन्हा हलवणे, पुन्हा झुकवणे. झुकवण्यापेक्षा हलवण्याला जास्त वेळ द्या. जड माल एकदा तळाच्या कोपऱ्यात बसला की तो सहज निघत नाही, पण बसण्याआधीच तुम्ही कडेवरून सोडू लागलात तर तोही जातो.

पाण्यात भांडी धुण्याच्या लिक्विडचा एक थेंब टाकायला विसरू नका. ग्रीस लागलेला किंवा फार बारीक तांब्याचा कण पाण्याच्या पृष्ठावर चक्क तरंगतो आणि पहिल्या लाटेसरशी बाहेर जातो. थेंबभर साबणाने तो बुडतो.

माल पाच-सहा बादल्यांपेक्षा जास्त नसेल तर इथेच थांबा. घमेले पुरेसे आहे. ढीग मोठा असेल तरच पुढची पन्हळ बनवण्यात अर्थ आहे.

पन्हळ

१८४८ नंतर कॅलिफोर्नियात सोने धुणाऱ्यांनी वापरलेल्या लाकडी पेट्यांचीच ही धाकटी बहीण. एक उतरती नाली, तळाशी आडव्या पट्ट्या, वरून पाणी आणि माल. पाणी पट्टीवरून उडी मारते, तिच्या मागे भोवरा होतो, हलका माल भोवऱ्यातून निसटून पुढे जातो आणि जड माल मागे अडकतो.

रुंदी किती ठेवायची हे पन्हळ नव्हे, तुमचा पंप ठरवतो. हाच मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. माल वाहण्यासाठी पट्ट्यांवर बोटभर जाडीचे आणि बऱ्यापैकी वेगाचे पाणी हवे. दहा सेंटिमीटर रुंदीला त्यासाठी मिनिटाला ८० लिटरच्या आसपास पाणी लागते. वीस सेंटिमीटर केलीत तर दुप्पट. पंप चालू करा, ज्या उंचीवर पाणी न्यायचे तिथे पाइप धरून वीस लिटरची बादली भरा. पंधरा सेकंदांत भरली तर दहा सेंटिमीटरची पन्हळ बिनधास्त चालेल. अर्ध्या हॉर्सपॉवरचा एक इंची मोनोब्लॉक पंप कमी उंचीला बहुधा एवढे देतो. अर्धा मिनिट लागत असेल तर रुंदी निम्मी करा. कूलरच्या पंपाचा इथे उपयोग नाही.

बारा मिमी जाडीचा वॉटरप्रूफ प्लायवूड घ्या. लांबी चार फूट, आतली रुंदी दहा सेंमी, बाजूच्या भिंती दहा सेंमी उंच. सांधे सिलिकॉनने भरा आणि आतून ऑइलपेंटचा हात द्या. तळावर आधी रबरी धाग्यांचे पायपुसणे किंवा काथ्याची पातळ चटई अंथरा, बारीक कण त्यात रुततात. त्यावर आडपट्ट्यांची शिडी: दीड-दोन सेंमी उंचीच्या लाकडी पट्ट्या, पाच सेंमी अंतराने, दोन बाजूच्या उभ्या पट्ट्यांना स्क्रूने जोडलेल्या. शिडी आणि चटई तळाला कायमची ठोकू नका. लाकडी पाचर मारून घट्ट बसवा, म्हणजे काम संपल्यावर उचलून धुता येते. वरच्या टोकाला फूटभर जागा पट्ट्यांविना मोकळी सोडा. तिथे पाणी शांत होते आणि माल तिथेच घालायचा असतो.

उतार फुटाला एक इंच, म्हणजे चार फुटांच्या पन्हळीचे वरचे टोक दहा सेंमी उंच. वरच्या टोकाखाली विटांऐवजी लाकडी पाचरा ठेवा, उतार बदलत राहावा लागतो. आडवी पातळी मात्र पाणसळ लावून तपासाच. एक बाजू जराशी खाली असली की सगळे पाणी तिकडून पळते.

खाली दोन अर्धे ड्रम. पन्हळीतून पडणारा माल पहिल्यात, तिथून वरचे पाणी दुसऱ्यात, पंपाचा फूटव्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाइपच्या टोकाची झडप) दुसऱ्यात. व्हॉल्व्हला तळापासून वीतभर वर टांगा आणि भोवती जुन्या साडीचे कापड गुंडाळा, वाळू गेली तर पंपाचा सील गेला. एकच पाणी दिवसभर फिरते. फार गढूळ झाले तर संध्याकाळी तुरटी फिरवून ठेवा, सकाळपर्यंत निवळते. ओल्या हातांनी पंपाचा प्लग हाताळण्याची वेळ येणारच, म्हणून लाइनवर आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) असल्याशिवाय सुरुवात करू नका.

चालवताना काय पाहायचे

आधी नुसते पाणी सोडा. मग २ ते ५ मिमीच्या मालातले थापीभर वरच्या मोकळ्या जागेत टाका. तो निघून गेला की पुढची थापी. घाईने फावडे भरून टाकाल तर पट्ट्या बुजतील आणि बुजलेली पन्हळ म्हणजे नुसती घसरगुंडी.

पट्ट्यांची वरची कड सतत दिसत राहिली पाहिजे आणि प्रत्येक पट्टीमागे माल थोडा थोडा उकळल्यासारखा हलत राहिला पाहिजे. पट्ट्यांमागे खडे थिजून बसले तर वरचे टोक दोन सेंमी उचला. पट्ट्यांमागे काहीच न राहता लाकूड दिसू लागले तर खाली घ्या. २ ते ५ च्या मालाला उतार जास्त लागतो, १ ते २ च्या मालाला कमी. म्हणून दोन्ही गट कधीही मिसळून घालायचे नाहीत, एक पूर्ण संपवून, पन्हळ धुऊन, उतार बदलून मगच दुसरा.

पन्हळ धातू पकडते आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी एक साधी परीक्षा आहे. तांब्याच्या जाड तारेचे तीन-तीन मिलिमीटरचे वीस तुकडे कापा, त्यांना भडक नेलपॉलिश लावा आणि एका बादलीभर मालात मिसळून पन्हळीतून सोडा. मग पट्ट्यांमागे ते मोजा. सतरा-अठरा मिळाले आणि त्यातले बहुतेक पन्हळीच्या वरच्या एक-तृतीयांश भागात असतील, तर घडी बसली. तुकडे शेवटच्या पट्टीपर्यंत विखुरले असतील तर पाणी किंवा उतार जास्त आहे, आणि काही नक्कीच बाहेर गेले आहेत.

सपाट चकती, पत्र्याची चिरफाळी आणि केसासारखी तार यांच्याबाबत मात्र फार आशा ठेवू नका. पानासारखा आकार पाण्यावर तरंगत जातो, धातू कितीही जड असो. तारा चटईत गुंततात तेवढ्याच मिळतात.

दर आठ-दहा बादल्यांनंतर पाणी बंद करून शिडी आणि चटई हळूच उचला, घमेल्यात झटका आणि त्या जड मालाला शेवटचा हात रोळून घ्या. बाजूला ठेवलेला १ मिमीखालचा माल आता काढायचा. त्याला पन्हळ अगदी कमी उतारावर लावा, आडपट्ट्या काढून नुसती चटई ठेवा आणि पाणी निम्म्यावर आणा.

अॅल्युमिनियम

अॅल्युमिनियमची घनता २.७. आपल्या खडीपेक्षा किंचित कमीच. त्यामुळे जर्मनच्या पातेल्याचा तुकडा, पिस्टनची कपची, जुनी अॅल्युमिनियमची पाच-दहा पैशांची नाणी, सगळे दगडांसोबत निमूट वाहून जाते. यावर घरगुती उपाय नाही. कारखान्यांत फिरत्या चुंबकांची यंत्रे अॅल्युमिनियमला उडवून वेगळे करतात, ते अंगणात बनवण्याच्या भानगडीत पडू नका. वाहून गेलेला माल उन्हात वाळवा, उन्हे तिरपी असताना त्याच्यावरून नजर फिरवा आणि चमकते ते वेचा. मोठ्या तुकड्यांपुरते हे पुरते.

किती शुद्ध आहे?

निघालेला तांब्याचा माल वाळवून ताकदवान चुंबक फिरवा. मग त्यात दगड किती उरला हे काटा आणि मापाच्या नळीने काढता येते. ५०० ग्रॅम माल तोला. नळीत ठरावीक पाणी घ्या, त्यात तो माल टाका, हलवून बुडबुडे घालवा आणि पाणी किती मिलिलिटर चढले ते पाहा. शुद्ध तांबे असते तर साधारण ५६ मिलि चढले असते. समजा ८० चढले. मग मालाची सरासरी घनता ५०० भागिले ८०, म्हणजे ६.२५. दगड २.९ आणि तांबे ८.९६ धरून हिशेब केला तर ८० मिलिमधले ४४ मिलि तांबे आणि ३६ मिलि दगड येतो. वजनात सुमारे ३९५ ग्रॅम तांबे आणि १०५ ग्रॅम दगड. पाचवा हिस्सा अजून खडी आहे, पुन्हा रोळायला घ्या. ६० मिलिच्या आसपास आले की पुरे, त्यापुढे मेहनत जास्त आणि फायदा कमी. मालात शिसे मिसळलेले असेल तर मात्र हा हिशेब बिघडतो, आधी शिसे निवडून काढा. ते करड्या रंगाचे असते, नखाने ओरखडा उठतो आणि आतून चकाकते.

विकायला नेताना

तांबे, पितळ, शिसे, बीड (ओतीव लोखंड) आणि साधे लोखंड वेगवेगळ्या पोत्यांत न्या. मिसळलेल्या मालाला भंगारवाला सर्वांत स्वस्त धातूचा भाव लावतो, आणि त्यात त्याची चूकही नाही, निवडायला त्यालाच माणूस बसवावा लागतो. रिवाइंडिंगची एनॅमल लावलेली तार आणि चकचकीत नागडी तार यांचे भाव वेगळे असतात, त्या एकत्र करू नका. माल पूर्ण वाळलेला असावा. ओले पोते तोलायला आणलेल्या माणसाशी पुढच्या वेळी कोणी नीट बोलत नाही. दोन-तीन दुकानांत भाव विचारा आणि वजन शक्यतो स्वतःच्या काट्यावर आधी करून ठेवा.

धुतलेली खडी आवारात परत अंथरता येते. ड्रमच्या तळाचा गाळ मात्र गटारात किंवा परसात ओतायचा नाही, सगळे बारीक शिसे आणि तेल त्यातच साठलेले असते. तो वाळवून जाड प्लॅस्टिकच्या पोत्यात बांधा, वर मोठ्या अक्षरांत ‘शिसे’ लिहा आणि घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत संस्थेकडेच द्या. रिवाइंडिंग किंवा गॅरेजवाल्यांची संघटना असेल तर तिथे विचारा, वापरलेले ऑइल नेणारी माणसे त्यांच्या ओळखीची असतात आणि पुढचा रस्ता बहुधा तेच सांगतात.